लिफ्टवाल्यांची पक्की माहिती

सल्ल्याला कधी पैसे मोजायचे असतात का, असं लिफ्टवाल्यांनी बायकोला विचारलं आणि ती काही बोलायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, की नसतात. सल्ला ही माणसं जोडल्यावर आपोआप मिळणारी गोष्ट आहे. आणि माणसं जोडण्यात आपला हात धरणारं या शहरात कुणी नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून घेतलं.

लिफ्टवाले म्हणजे एका मोठ्या इस्पितळातल्या सगळ्या लिफ्ट ज्यांच्या ताब्यात आहेत ते गृहस्थ. परदेशात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि इथल्या आपल्या मंडळींत ते लिफ्टवाले म्हणूनच ओळखले जात. माणूस सज्जन, कामात चोख, कुणाचं सामान वर चढवायचं असलं तर बाह्या सरसावून पुढे. खोड एकच. "मला माहीत नाही" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. रस्ता विचारा, औषध विचारा, मुलीचं लग्न कुठे जमवावं ते विचारा, लिफ्टवाल्यांकडे उत्तर तयार असायचं. चुकीचं असेल, पण तयार असायचं.

प्रश्न होता कराचा. आतापर्यंत कंपनीचे हिशेबनीस सगळं भरून द्यायचे आणि लिफ्टवाले फक्त सही करायचे. यंदा त्यांनी नोकरी बदलली आणि नव्या कंपनीने सांगितलं, ज्याचं त्याने बघावं. आता मायदेशी वडिलांनी ठेवलेल्या दोन खोल्या होत्या, त्यात भाडेकरू होता, आणि त्या भाड्यावरचा कर तिकडे दरवर्षी भरला जात होता. मग तेच भाडं इथल्या सरकारला दाखवायचं की नाही? सगळं घोडं इथेच अडलं होतं.

हे साधं दुखणं नव्हतं. लिफ्टवाल्यांच्या कुटुंबाचा इथे राहण्याचा परवाना याच वर्षी संपत होता आणि नवा देताना कचेरीतली माणसं सगळ्यात आधी कराचे कागद बघतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कागदात काही लपवलेलं सापडलं की सामान बांधा. बायकोच्या धाकट्या बहिणीच्या घरीही हीच परिस्थिती होती. तिकडेही मायदेशी एक घर, त्यात भाडेकरू, आणि परवाना याच वर्षी संपणारा. लग्नं झाल्यापासून या दोघी बहिणी दोन देशांत राहत होत्या. फोनवर एकमेकींच्या मुलांची उंची विचारायच्या. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या नवऱ्याला याच शहरात काम मिळालं आणि आता दोघींच्या घरांत दोन बस-थांब्यांचं अंतर उरलं होतं. सकाळी एक कणीक मळायला घेते आणि दुसरी दारात उभी असते, एवढं सुख बायकोला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं.

"मला आता कुठे जायचं नाही," ती म्हणाली, "आणि तिलाही जाऊ द्यायचं नाही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या वर एक बाई बसतात. परदेशातून आलेल्या लोकांच्या कराचंच काम करतात म्हणे. त्यांच्याकडे जाऊन या."

लिफ्टवाले हसले. बाईंकडे जायचं, खुर्चीत बसायचं, आणि आपल्याला काही कळत नाही हे पैसे देऊन कबूल करायचं? त्यांची पद्धत वेगळी होती आणि ती धंद्यातून आलेली होती. लिफ्ट कधी एका दोरावर लटकवत नाहीत. एक तुटला तर दुसरा, दुसरा तुटला तर तिसरा. तसं आपण तीन जाणत्या माणसांना विचारू, तिघांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही, आणि तिघं एकच बोलले की डोळे मिटून भरून टाकू. बायकोने कणकेवर कापड टाकलं.

पहिला दोर किराणावाले. त्यांच्या दुकानात आपले सगळेच लोक जात, त्यामुळे शहरातली कुठलीही बातमी तांदळाच्या पोत्यांमधूनच पुढे सरकायची. लिफ्टवाल्यांनी प्रश्न विचारताच किराणावाल्यांनी वजनकाट्यावरचा हात काढला, दाराकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून सांगितलं, की भाडं दाखवायची गरज नाही. का, तर एकाच पैशाला दोन सरकारं हात लावत नसतात. माहिती एकदम पक्की. सांगणारा माणूस कर खात्यातून निवृत्त झालेला, नाव मात्र विचारू नका.

लिफ्टवाल्यांना हे वाक्य फार आवडलं. एकाच पैशाला दोन सरकारं हात लावत नसतात. छोटं, घट्ट, आणि ऐकताच पटणारं. एखाद्या विचारी माणसाच्याच तोंडून निघालं असणार, असं त्यांना वाटलं.

दुसरा दोर बँकवाले काका. काका मायदेशी एका बँकेत खजिनदार होते आणि आता मुलाकडे राहायला आले होते. मुलगा-सून कामाला गेले की काकांना बोलायला कुणी नसायचं, त्यामुळे त्यांच्याकडे एक प्रश्न घेऊन जाणारा माणूस अख्खी दुपार देऊन परतायचा. लिफ्टवाल्यांनी दुपार दिली. काकांनी आधी बँकेतली नोकरी सांगितली, मग गुडघे सांगितले, आणि दाराशी निरोप घेता घेता मुद्द्याचं बोलले. भाडं दाखवायचं नाही. एकाच पैशाला दोन सरकारं हात लावत नसतात. आणि हे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं मत नव्हे, एका फार मोठ्या अधिकाऱ्याचं आहे.

लिफ्टवाल्यांच्या अंगावर काटा आला. शब्दसुद्धा तेच!

तिसरा दोर दातांचे डॉक्टर. शिकलेला माणूस, मोठ्या घरचा, इथे वीस वर्षं काढलेली. पण डॉक्टर दवाखान्याबाहेर सापडत नसत, म्हणून लिफ्टवाले एक चांगला दात दाखवायला म्हणून गेले. डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, तोंडात दिवा धरला, आणि त्या चांगल्या दाताच्या शेजारी एक किडलेला शोधून काढला. पुढचा सगळा संवाद एकतर्फी झाला. लिफ्टवाल्यांनी भूल चढायच्या आत घाईघाईने प्रश्न विचारून घेतला होता. यंत्र घरघरत असताना डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं. भाडं दाखवायचं नाही. कारण एकाच पैशाला दोन सरकारं हात लावत नसतात. या विषयात मुरलेल्या एका माणसाने त्यांना हे सांगितलं होतं. लिफ्टवाल्यांनी उघड्या तोंडाने जमेल तेवढी मान हलवली आणि डॉक्टरांनी त्यांना हलू नका म्हणून दटावलं.

दात भरण्याचं बिल लाँड्रीवरच्या बाईंच्या फीपेक्षा जास्त झालं, हे लिफ्टवाल्यांनी घरी सांगितलं नाही.

अर्धा गाल बधिर, पण मन प्रसन्न अशा अवस्थेत ते घरी आले आणि त्यांनी बायकोपुढे तिन्ही दोर मांडले. एक दुकानदार, एक बँकेतला, एक डॉक्टर. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि तिघंही अक्षर न् अक्षर तेच बोलतात! याहून पक्कं ते काय असतं? उद्या सकाळी भरून पाठवतो.

बायको मुलीच्या शाळेच्या गणवेशाला बटण लावत होती. तिने दोरा दातांनी तोडला.

"लिफ्टचे दोर नीट आहेत की नाहीत, ते तुम्ही खालूनच बघता का?"

"छे! वर चढावं लागतं. वर कशाला बांधलेत ते बघितल्याशिवाय—"

"मग चढा की," बायको म्हणाली.

हे मात्र लिफ्टवाल्यांना झोंबलं. इतकी वर्षं कामात त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता घरात ठेवलं जात होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते थेट दुकानात गेले. किराणावाल्यांनी आधी बरेच आढेवेढे घेतले, मग सांगितलं, की निवृत्त अधिकाऱ्याला त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, बँकवाले काकांनी पाहिलंय. काकांनीही पाहिलेलं नव्हतं. त्यांना कवळी बसवताना डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो अधिकारी निवृत्त झालाय हे कुणी सांगितलं, असं विचारल्यावर काका म्हणाले, एवढं ज्ञान असलेला माणूस नोकरीत कशाला राहील? डॉक्टरांनी लिफ्टवाल्यांचा नुकताच भरलेला दात एकदा टोकरून बघितला आणि सहज सांगितलं, की त्यांच्यासाठी कवळ्या बनवणाऱ्या कारागिराकडून त्यांना हे कळलं. त्याच्या ओळखीत कुणीतरी आहे म्हणे.

शहरात डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणारा एकच आपला माणूस होता, आणि तो लिफ्टवाल्यांचा साडू होता.

साडूचं आणि लिफ्टवाल्यांचं वाईट नव्हतं. पण साडू तो साडू. एकाने चहा घेतला तर दुसरा कॉफी मागायचा. लिफ्टवाल्यांनी इस्पितळातल्या लिफ्ट किती मोठ्या आहेत ते सांगितलं, की साडू सांगायचे, दातातला एक केसभर फरक माणसाला कसा जेवू देत नाही. करासारख्या विषयात साडूला विचारायचं म्हणजे आयुष्यभराची हार. पण बायकोने वर चढा म्हटलं होतं. लिफ्टवाले साडूच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक खोली, तीत एक लांब टेबल, आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या कवळ्या. सगळ्या कवळ्या लिफ्टवाल्यांकडे बघून हसत होत्या.

त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, की ते भाड्याचं साडूंना कुणी सांगितलं.

साडूंनी हातातली कानस खाली ठेवली. "म्हणजे काय? तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"आम्ही नव्या घरात आलो तेव्हा. तुम्ही जेवायला आला होतात. गच्चीत उभे होतो आपण. मी विचारलं, तर तुम्ही लगेच म्हणालात, एकाच पैशाला दोन सरकारं हात लावत नसतात."

लिफ्टवाल्यांना सगळं लख्ख आठवलं. साडूंनी संध्याकाळभर आपली गच्ची किती मोठी आहे ते दाखवलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवूनसुद्धा दाखवलं होतं. आणि मग अचानक कराचं विचारलं होतं. साडूने आपल्याला काही विचारावं, असा योग पहिल्यांदाच आला होता. लिफ्टवाल्यांना त्या विषयातलं काडीचं माहीत नव्हतं. वाक्य त्यांनी तिथल्या तिथे बनवलं होतं. हेही आठवलं, की तेव्हाही ते त्यांना फार आवडलं होतं.

"पण डॉक्टरांना तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"एक नातेवाईक आहेत, या विषयात मुरलेले, एवढंच म्हटलं. लिफ्ट दुरुस्त करतात म्हटल्यावर कोण ऐकणार?" साडूंनी पुन्हा कानस उचलली. "माझं भरून तयार आहे. येत्या आठवड्यात पाठवून देतो."

लिफ्टवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तीन दोर वर चढून बघितले, तर तिन्हींच्या टोकाला ते स्वतःच लोंबकळत होते.

तिथून ते घरी गेलेच नाहीत, लाँड्रीच्या वरचा जिना चढले. खाली कपडे वाळवायची यंत्रं गरगरत होती आणि वर एका गरम, साबणाचा वास असलेल्या खोलीत बाई बसल्या होत्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की दोनदा कर बसत नाही हे बरोबर आहे, पण तो बसू नये म्हणूनच भाडं दाखवावं लागतं. तिकडे भरलेला कर इथे वळता करून मिळतो. दाखवलं तर एक पैसा जास्त जाणार नाही. लपवलं तर मात्र परवाना विसरा. मग त्यांनी विचारलं, न दाखवायचं कुणी सांगितलं होतं?

"तिघांनी," लिफ्टवाले म्हणाले.

"तिघंच असतात नेहमी," बाई म्हणाल्या आणि कागद पुढे ओढले.

लिफ्टवाल्यांचं काम तासाभरात झालं. पण छातीवरचा दगड उतरला नाही. आपल्या तोंडून निघालेलं एक वाक्य घेऊन अर्धं शहर खड्ड्यात उडी मारायला निघालं होतं आणि सगळ्यांच्या पुढे मेव्हणीचं घर होतं. बायकोला सांगितलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तिला जावं लागलं तर मी तुम्हाला काही बोलणार नाही. पण मग मी काहीच बोलणार नाही." लिफ्टवाले तसेच चपला घालून बाहेर पडले.

खोडून काढायला फार तर एक दिवस लागेल, असा त्यांचा अंदाज होता. किराणावाल्यांनी ऐकलं आणि हसून म्हटलं, लिफ्टवाले, तुम्ही भले माणूस आहात, पण हा तुमचा विषय नाही. तो निवृत्त अधिकारी म्हणजे मीच, असं लिफ्टवाल्यांनी सांगितल्यावर तर त्यांनी काळजीने त्यांना बसायला स्टूल दिलं. बँकवाले काका चिडले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने सांगितलेलं तुम्ही खोटं ठरवता? अशा अफवा पसरवणाऱ्यांमुळेच आपल्या लोकांचं नुकसान होतं, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, भूल नीट उतरली ना?

राहिले साडू. तिथे तरी सरळ मामला होता, कारण साडूंना बोलणारा कोण हे माहीत होतं. लिफ्टवाल्यांनी मन घट्ट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा साडूपुढे मान खाली घालून सांगितलं, की आपण ते उगीच बोललो होतो.

साडू विचारात पडले. "तुमचं मी तेव्हाही खरं धरलं नव्हतं," ते म्हणाले. "पण नंतर डॉक्टर तेच म्हणाले. काका म्हणाले. दुकानातसुद्धा तेच. एवढी माणसं चुकतील का?"

"ती सगळी माझंच बोलतायत!"

"तुमचं?" साडूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "साडूबुवा, एवढं ऐकतं कोण तुमचं?"

यावर लिफ्टवाल्यांनी हात टेकले. खोटं बोलताना ज्यांनी मान डोलावली तेच खरं सांगताना कपाळाला हात लावून ताप बघत होते. ते घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. बाईंकडचे कागद साडूला दाखवले तर तो म्हणणार, बाई तुमच्या, कागद तुमचे. मेव्हणीला सांगितलं तर ती नवऱ्याला विचारणार. बायकोने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग तिने फोन उचलला आणि बहिणीला लावला. साडू जेवायला बसण्याची ती वेळ होती आणि त्यांच्या घरात फोन नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असाच ठेवलेला असे.

"अगं, काही नाही, सहज केला," बायको म्हणाली. "आमचे हे, तुझे भावोजी, त्या लाँड्रीवरच्या बाईंकडे जाऊन आले बघ. हो ना, फी घेतात, पण यांचं म्हणणं, आमच्यासारख्यांनी पैशाकडे बघू नये. तुम्ही मात्र नका गं जाऊ. सगळ्यांनाच जमतं असं नाही. ह्यांचीच आवड, चांगल्यातलं चांगलं लागतं." मग तिने मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

लिफ्टवाले बघतच राहिले. त्यांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. बायको म्हणाली, आता म्हणा.

दुसऱ्याच दिवशी साडूंनी कारखाना बंद ठेवला आणि शहराच्या मध्यभागी काचेची दारं असलेल्या कचेरीत जाऊन लाँड्रीवरच्या बाईंच्या तिप्पट फी भरली. तिथल्या कोटातल्या गृहस्थांनी त्यांना अगदी तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ लावून. साडूंनी तयार ठेवलेले कागद फाडले आणि नव्याने भरले. पुढे यथावकाश दोन्ही घरांचे परवाने आले. त्या संध्याकाळी दोघी बहिणी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता कुठल्याशा जुन्या गोष्टीवरून इतक्या हसल्या, की लिफ्टवाल्यांना बाहेरच्या खोलीत भरून आलं. त्यांनी तोंड वळवून पडदा नीट केला.

परवान्याच्या आनंदात साडूंनी सगळ्यांना गच्चीत चहाला बोलावलं. किराणावाले आले, डॉक्टर आले, काकांना मुलाने आणून सोडलं. चहा होताच साडू उभे राहिले आणि भाडं का दाखवायचं, कसं दाखवायचं, वळतं कसं करून घ्यायचं, ते त्यांनी समजावून सांगितलं. काचेच्या कचेरीचं नाव निघताच सगळ्यांना पटलं. मुदत वाढवून घेतलेल्या दोघातिघांचं अजून भरायचंच होतं, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काका तर म्हणाले, की त्या निवृत्त अधिकाऱ्याचा त्यांना पहिल्यापासूनच संशय होता.

"असले अर्धवट लोक जीव घेतील कुणाचा तरी," साडू म्हणाले आणि लिफ्टवाल्यांकडे वळले. "काय साडूबुवा, खरं की नाही?"

लिफ्टवाल्यांनी बायकोकडे बघितलं. ती बहिणीला खेटून बसली होती.

"अगदी खरं," लिफ्टवाले म्हणाले.

तेवढ्यात इस्पितळात नुकतीच लागलेली, कुणाच्यातरी ओळखीने आलेली एक नर्स भीत भीत पुढे आली. मायदेशी तिच्या आईला निवृत्तिवेतन मिळत होतं आणि आता आई इकडे राहायला येणार होती. ते वेतन इथे दाखवायचं का? ती नेमकी लिफ्टवाल्यांच्या समोर उभी होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. लिफ्टवाल्यांच्या जिभेवर एक वाक्य आलं, छोटं, घट्ट, आणि ऐकताच पटणारं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "लाँड्रीच्या वर एक बाई बसतात, त्यांना विचारा."

नर्स थँक्यू म्हणून गेली. बायकोने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

निघताना जिन्यात किराणावाल्यांनी त्यांना बाजूला घेतलं. वर-खाली बघितलं आणि आवाज खाली आणला.

"लिफ्टवाले, तुम्ही मुद्दाम बोलला नाहीत ना? तिच्यासमोर नाही सांगितलंत, बरोबर केलंत. पण माझीही सासू यायचीय. मला तरी कानात सांगा."